कर्जाचं कारण: शेळ्या

मुंबईच्या एका सभागृहात माझी ओळख करून देताना सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली, "आदिवासी भागातल्या ज्येष्ठ सामाजिक उद्योजिका." मी शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. तिथे टक्कल पडलेले एक गृहस्थ बसले होते, म्हणजे मीच ती. आई असती तर म्हणाली असती, "उद्योजिका कसली डोंबलाची! नसते उद्योग म्हणा." आईने जन्मभर माझ्या कामाला हाच शब्द वापरला आणि खरं सांगायचं तर मला अजूनही तोच बरा वाटतो.

मला माझी वाटचाल सांगायची होती. मी बोलत होते आणि मागे पडद्यावर एकेक फोटो येत होता. गटाची बैठक, मोखाड्याचा बाजार, नागलीचे पापड. मग शेळ्यांचा फोटो आला आणि माझं बोलणं अडलं. लोकांना वाटलं घसा सुकला. कोणीतरी लगबगीने पाण्याची बाटली आणून दिली, मी प्यायले, आणि पुढचं काहीतरी बोलून खाली बसले. त्या फोटोबद्दल तिथे सांगितलं नाही ते इथे सांगते.

जव्हारला आमचं किराणा मालाचं दुकान. बारावी झाल्यावर मी एका पतपेढीची पिग्मी गोळा करायला लागले. रोज संध्याकाळी दुकानादुकानातून फिरायचं, थोडेथोडे पैसे घ्यायचे, पावती फाडायची. लोक चेष्टा करायचे, "आली वसुली!" मला चेष्टा चालायची. तोंडाची मी फटकळ, उधारी ठेवत नसे.

मग वावरकडची पोरं कुपोषणाने गेल्याच्या बातम्या पेपरात आल्या आणि जव्हारच्या रस्त्यांवर कधी नव्हे त्या गाड्या दिसायला लागल्या. साहेब आले, पुढारी आले, पत्रकार आले. आमच्या दुकानातली बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या संपल्या. वडील रात्री जेवताना म्हणाले, "इतके लोक येऊन गेले, पण त्या आयांपैकी एकीला तरी कोणी विचारलं का, की बाई तुझ्या हातात काय असतं?" वडील सहज बोलून गेले आणि ताक प्यायले. माझ्या डोक्यातून ते जाईना. पुढच्या पावसाळ्यानंतर मी पतपेढी सोडली आणि मोखाड्याच्या जीपमध्ये बसले. काम पिग्मीचंच, फक्त दुकानदारांच्या जागी बाया. दर आठवड्याला एकत्र बसायचं, जमेल ते टाकायचं, आणि एखादीला नड पडली की त्यातूनच द्यायचं. आता गल्लोगल्ली बचत गट झालेत. तेव्हा मला बघून लोकांना वाटायचं, ही बाई भिशी बुडवून पळणार.

पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे. तिथल्या गटाची पहिली बैठक एका घराच्या ओट्यावर झाली. ज्या बाईचं मला सांगायचंय, ते घर तिचं. अंगाने काटक, वयाने माझ्याएवढीच, कडेवर धाकटं पोर. घरात त्यांची बोली वेगळी, पण माझ्यासाठी म्हणून ती मराठीत बोलायची, आणि शब्द सापडला नाही की माझ्यावरच चिडायची. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "बाय, तुझं लगीन झालं का?"

"राहिलंय," मी म्हणाले.

आता जव्हारात मी हे बोलले की समोरची बाई चुकचुकायची. 'तिचं लग्न राहिलं' म्हणजे संपलं, गाडी सुटली. आई तर हा शब्द घरात उच्चारू द्यायची नाही. इथे कोणी चुकचुकलं नाही. ती कडेवरचं पोर खाली ठेवत म्हणाली, "आमचं पण राहिलंय. पोरं किती तुला?"

मी उडालेच. "पोरं? अगं लग्नच नाही तर पोरं कुठली?"

"मंग मानूस हाय ना घरात?"

"घरात माझे वडील आहेत!"

ओट्यावर जो हशा उठला तो आठवला की आजही मला हसू येतं. एक म्हातारी तर भिंतीला टेकून डोळे पुसत होती. मला बराच वेळ कळेना. मग तिनेच समजावलं. त्यांच्यात पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत पडली, घरच्यांनी हो म्हटलं, की ती एकत्र नांदायला लागतात. लग्न म्हणजे अख्ख्या पाड्याला जेवण, तांदूळ, दारू, वाजंत्री, धवलेरीचा मान. धवलेरी म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी बाई, आमच्याकडच्या भटजींच्या जागी. हे सगळं जमेल तेव्हा लग्न. कोणाला लवकर जमतं, कोणाला पोरं मोठी झाल्यावर. तोवर कोणी विचारलं की सांगायचं, 'राहिलंय'. भांडी घासायची राहिलीत, कुडाला सारवायचं राहिलंय, तसंच. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

त्या दिवसापासून माझा एक माणूस पाड्यावर तयार झाला, जो मी कधी बघितला नाही. "तुझा राहिलेला बरा हाय ना?" मी जीपमधून उतरले की कोणीतरी विचारायचंच. "त्याला घेऊन ये एकदा, भाकर खाईल." कधी मी चिडले असले तर ती म्हणायची, "आज राहिलेल्याशी भांडून आलीय." मी पण मग ठोकून द्यायचे, "हो ना, ऐकतच नाही मेला." घरी आईसमोर जो शब्द मी तोंडातून काढत नसे, त्याच शब्दावर मी तिथे पोट धरून हसायचे. त्या ओट्याचे माझ्यावर उपकार आहेत.

तिचा माणूस शांत. बैठक चालू असली की तो अंगणात काहीतरी करत असायचा, बांबू तासत, दोर वळत. आमच्याकडे बघायचा नाही, पण सगळं ऐकायचा. तिचा आवाज चढला की तो मान खाली घालून हसायचा. ते हसणं मी पुष्कळदा बघितलंय. भात कापून झालं, दिवाळी सरली, की पाड्यावरच्या पुष्कळांसारखा तोही जगायला जायचा. कामासाठी गाव सोडण्याला तिथे 'जगायला जाणं' म्हणतात. तो वसईच्या खाडीवर रेती काढायला जायचा. पाण्यात बुडी मारायची, तळाची रेती बादलीत भरायची, वर यायचं. पावसाळ्यात घरात दाणा नसला की ठेकेदाराकडून उचल घ्यायची आणि मग ती फेडायला जायचं.

वर्षं गेली. गट वाढले, मोखाड्यात आम्ही भाड्याची खोली घेतली, तिच्यावर पाटी लागली. मुंबईची एक संस्था आम्हाला मोठी रक्कम द्यायला लागली, म्हणजे गटांच्या स्वतःच्या पैशात जे बसत नव्हतं ते कर्जही देता येऊ लागलं. मी खूश होते. आई पण एकदा शेजारणीला म्हणाली, "आमचीचं ऑफिस आहे." मी ते खिडकीतून ऐकलं.

तिची थोरली पोरगी तोवर वयात आली होती. मोखाड्याच्या पलीकडच्या गावातलं स्थळ ठरलं. मुलाकडच्यांना लग्न रीतसर हवं होतं, आधी नांदणं नको. तेव्हा एका बैठकीत ती उठून उभी राहिली. एरवी बसूनच बोलायची.

"मला कर्ज पायजे."

"कशाला?"

"लगीन लावायचं."

"पोरीचं?"

"आधी माझं."

यावेळी कोणी हसलं नाही. कारण बाकीच्यांना ठाऊक होतं, मलाच नव्हतं. राहिलेलं लग्न कितीही वर्षं राहू शकतं, पण पोरीच्या मांडवात तिला हळद लावायला बसायचं, तर आईबापाचं लग्न आधी लागलेलं हवं. नाहीतर चुलता-चुलती बसतात आणि आईबाप कडेला उभे राहतात. म्हणून कित्येक घरी एकाच मांडवात आधी आईबापाचं लावतात, मग पोरांचं. तिचंही तेच ठरलं होतं. "माझ्या पोरीला हळद मी लावीन," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणी का लावावी? मी काय मेले?" अंगणात बांबू तासायचा आवाज थांबला होता.

अर्जावर एक रकाना होता, 'कर्जाचे कारण'. मला माहीत होतं, लग्नाला कर्ज मिळत नाही. त्या संस्थेच्या नियमात कारणं दोनच जातीची, उत्पादक आणि अनुत्पादक. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "खोटं कशाला? लगीन लिव." मी लिहिलं, 'लग्न (स्वतःचे)'. तिने अंगठा उठवला.

अर्ज परत आला. त्यावर लाल शाईने लिहिलं होतं, 'अनुत्पादक. तसेच अर्जदार विवाहित असून पती हयात असल्याचे अर्जात नमूद आहे. खुलासा करावा.' मी माझ्या खोलीत एकटीच मोठ्याने हसले आणि मग मला असा राग आला की टेबलावरचा पेला खाली गेला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मुंबई गाठली. समोरचा साहेब तरुण पोरगा होता, चांगला होता बिचारा. त्याने चहा मागवला. मी त्याला राहिलेल्या लग्नाची रीत समजावली, तो अगदी मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "मॅडम, इंटरेस्टिंग आहे. पण यातून उत्पन्न काय?"

मी म्हटलं, "तुमचं लग्न झालंय?"

"हो."

"मग तुम्हाला काय उत्पन्न झालं?"

तो लाजला. पण नियम नियमच. पाड्यावर येऊन मी हे सांगितलं तेव्हा ती डोळे पुसणारी म्हातारी म्हणाली, "उत्पन नाय कसं? चार पोरं उत्पन झाली की तिला!" सगळ्या हसल्या, ती पण हसली. आणि हसता हसता तिने विचारलं, "मंग आता?"

हा जाण्यायेण्याचा आणि खुलाशाचा घोळ दिवाळी ओलांडून गेला. पैसे आधी मिळाले असते तर त्या वर्षी तिचा माणूस रेतीवर जाणार नव्हता. सुगीतच तांदूळ स्वस्तात घेऊन ठेवायचा आणि माघात लग्न उरकायचं असा दोघांचा बेत होता. आता हाती काही नाही म्हटल्यावर त्याने उचल घेतली आणि तो खाडीवर गेला. कोणाला दोष देऊ? त्या पोराला? त्याने तर मला चहा पाजला. मला नुसता संताप येतो आणि तो ठेवायला जागा सापडत नाही.

शेवटी म्हातारीनेच तोड काढली. "शेळ्या लिव. शेळ्या कोणाला नको?"

मी रकान्यात लिहिलं, 'शेळीपालन'. लगेच मंजूर. वर अभिनंदनाचं पत्र. पैसे आले ते गटाच्या पेटीत राहिले, कारण नवरदेव खाडीवर. लग्न वैशाखात ठरलं, आधी तिचं आणि मग पोरीचं, एकाच मांडवात. धवलेरीला सांगून झालं.

आणि होळीच्या तोंडावर मुंबईहून निरोप आला, पाहुणे शेळ्या बघायला येणार!

मी पाड्यावर धावले. माझा जीव टांगणीला, आणि या बाया निवांत. "येऊ देत की," ती म्हणाली. होळीला सगळे जगायला गेलेले घरी येतात, तसा तोही आला होता. पाहुण्यांच्या दिवशी सकाळी घराघरातून शेळ्या तिच्या अंगणात गोळा झाल्या. कोणाची काळी, एक कान पांढरा असलेली, कोणाची तांबडी, कोणाची पिल्लांसकट. काळी शेजारणीची होती. ती घटकाभर उभी राही आणि मग दोर ओढत शेजारच्या अंगणाकडे निघे. तो बिचारा दोर धरून तिला परत आणी.

पाहुणी बाई फार प्रेमळ होती. "दूध किती देतात?" तिने विचारलं.

"ही देते, ही नाय देत, ही गाभण हाय," ती म्हणाली, पापणी न हलवता.

"आणि ही सारखी तिकडे का जाते?"

"तिथे तिची आय हाय."

मी पदराने तोंड पुसायचं निमित्त केलं. पाहुणीने मग त्याला विचारलं, "तुम्ही बायकोला मदत करता का?" तो मान खाली घालून हसला. "माझं काय, तिचाच कारभार," म्हणाला. तेवढ्यात फोटो निघाला. ती पुढे, शेळ्या मध्ये, मागे तो, हातात काळीचा दोर. दोघांचा एकत्र असा तो एकच फोटो.

गाडी वळणाआड गेली आणि पाडा हसून हसून आडवा झाला. "लगीन लागायच्या आधी वरात निघाली," कोणीतरी म्हणालं. त्या दिवशी ती इतकी आनंदात होती की तिने मला बळेच धरून नाचवलं. मला नाचता येत नाही. सगळ्यांनी सांगितलं की ते दिसतंच आहे.

उचल फिटली नव्हती म्हणून तो पुन्हा खाडीवर गेला. जायच्या आधी रानातून मांडवाच्या मेढी तोडून आणल्या, साली काढून घरामागे नीट उभ्या करून ठेवल्या. चैत्रात परत आला तेव्हा मी बैठकीला पाड्यावरच होते. थकलेला दिसत होता. डोळे पिवळे होते, तळहात पिवळे होते. एक बाई ओरडली, "अगं बघा, नवऱ्याला हळद आधीच लागली!" सगळ्या हसल्या. तोही हसला. मीही हसले.

कावीळ होती. शेजारच्या गावात एक जण झाडपाल्याचं औषध देतो, ते तिने आणलं. त्याच्या जेवणावरची वासना उडाली. मग तो उठेनासा झाला. निरोप आला तशी मी जीप घेऊन गेले. जव्हारच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, ताबडतोब नाशिकला न्या. आम्ही मोखाड्यावरून त्र्यंबकच्या रस्त्याला लागलो. मागच्या बाकावर त्याचं डोकं तिच्या मांडीवर. ती त्याच्याशी त्यांच्या बोलीत काहीतरी सारखं बोलत होती, मला थोडंथोडं कळत होतं. मेढी वाळल्यात, म्हणत होती. तांदूळ बघून ठेवलाय. पोरीला लुगडं घ्यायला तू चल, मला रंग कळत नाही. त्र्यंबकच्या अलीकडे तिचं बोलणं थांबलं. ड्रायव्हरने आरशातून मागे बघितलं आणि काही न विचारता गाडी कडेला घेतली.

मी जीपमधून उतरून रस्त्यावर उभी राहिले आणि ढसाढसा रडले. ती रडली नाही. मला वाटतं तिला तेव्हा जागाच सापडत नव्हती. बायको म्हणून रडायचं तर लग्न अजून व्हायचं होतं.

वैशाख तसाच गेला. पोरीचं लग्न पुढच्या वर्षावर गेलं. मी भेटायला गेले तेव्हा ती ओट्यावर नागली पाखडत होती. मी बसले. तिने पाणी दिलं. आणि जे बोलू नये नेमकं तेच माझ्या तोंडातून गेलं, "आता गं? लग्नाचं?"

"राहिलं," ती म्हणाली.

इतकी वर्षं ती 'राहिलंय' म्हणत आली होती. तिची मराठी कच्ची होती असं तीच म्हणायची, पण त्या दिवशी शब्द अगदी बरोबर वापरला. जव्हारच्या बायका माझ्याबद्दल वापरतात तोच. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

पुढच्या बैठकीत पेटीतल्या पैशांचा विषय निघाला. बाया म्हणाल्या, परत करून टाकू. मीही म्हटलं, मी मुंबईला कळवते, तू काळजी करू नको. मग तिने विचारलं, "कागदावर कारण काय लिवलंय?"

"शेळ्या."

"मंग शेळ्याच घेते."

"अगं, आता कशाला ती जबाबदारी?"

ती एकदम तडकली. "का? फोटू काढला ना? माझ्या मानसानं दोर धरला ना? त्याला काय खोटा दोर धरायला लावला आपण? मंग ते खरं नको व्हायला?" आणि मग रडली. जीपमध्ये राहिलेलं सगळं तिथे रडली. म्हातारीने तिचं डोकं कुशीत घेतलं.

मोखाड्याच्या बाजारात शेळ्या घ्यायला तिने मला बरोबर नेलं. विकणारा चांगल्या तगड्या शेळ्या दाखवत होता. ती म्हणे, "काळी पायजे. एक कान पांढरा." तो म्हणाला, "बाई, शेळीचा कान बघतात की कास बघतात?" ती ऐकेना. बाजारात भर उन्हात आम्ही फिरलो. मला उशिरा उमगलं की ती कोणती शेळी शोधतेय, आणि मग मीही मुकाट्याने कान बघत फिरू लागले. काळी मिळाली. कान पांढरा नव्हता, नुसता ठिपका होता. तिने बराच विचार करून घेतली.

पुढे संस्थेचा वार्षिक अहवाल आला, गुळगुळीत कागदाचा. मुखपृष्ठावर तोच फोटो. मी तो तिला नेऊन दिला. तिने हात लुगड्याला पुसले आणि अहवाल मांडीवर घेतला. "ही काळी शेजारणीची," ती म्हणाली. "ही तांबडी म्हातारीची. ही मेली गेल्या पावसात." एकेका शेळीवर बोट ठेवत ती मागे त्याच्यापर्यंत गेली आणि तिथे बोट तसंच राहिलं. मी उठून अंगणात गेले.

शेळ्या वाढल्या. बोकड विकून तिने कर्ज वेळेवर फेडलं. मुंबईच्या त्या साहेबाने मला फोन करून सांगितलं, "मॅडम, उत्पादक कर्जाचं हे आमचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे." मी हो म्हटलं. भांडायला तोंड उघडलं होतं, पण सांगणार काय? त्याचं खरंच होतं.

तो गेला त्याच्या पुढच्या वर्षी वैशाखात पोरीचं लग्न लागलं. मांडव त्याच मेढींचा, वर उंबराच्या आणि आंब्याच्या डहाळ्या. आत भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला होता. धवलेरी गात होती. मी पोचले तेव्हा हळद चालू होती. पोरीच्या एका अंगाला चुलता, दुसऱ्या अंगाला चुलती. चुलतीचे हात पिवळे झाले होते. पोरगी मान वर करून मांडवात इकडेतिकडे कोणाला तरी शोधत होती.

मीही शोधत होते. बायांना विचारलं, कोणी नीट सांगेना. मग घरामागे गेले. ती तिथे होती. अंगावर नवं लुगडं, दोन्ही हातांत शेळ्यांचे दोर. शेळ्या मांडवाच्या पानांकडे ओढ घेत होत्या आणि ती त्यांना मागे खेचत होती.

"इथे काय करतेस? आत चल."

"शेळ्या मांडव खातील," ती म्हणाली. "कोणी तरी पायजे ना, बाय."

"बांधून ठेव की."

"तोडतात."

मी तिच्या हातातला एक दोर घेतला आणि शेजारी उभी राहिले. आतून गाणं ऐकू येत होतं. पोरीचं नाव आलं, चुलतीचं नाव आलं. तिचं यायचं नव्हतंच, पण ती ऐकत होती. माझ्यापेक्षा तीच शहाणी. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझा राहिलेला नाय आला?"

"नाही गं," मी म्हटलं. "माझाही राहिला तो राहिलाच."

ती हसली, मान खाली घालून, त्याच्यासारखी. काळीने पुन्हा जोर केला. एक डहाळी मेढीवरून खाली लोंबत होती, काळीचं तोंड पोचता पोचत नव्हतं. ती थोडा वेळ बघत राहिली. मग तिने दोर सैल सोडला.

"खा," ती शेळीला म्हणाली. "तुझाच मांडव तो."